बिजूची गाडी

गुरुवारी रात्री बिजूनं किल्ली दिली,
म्हणाला, ब्रेक जरा खोल लागतो, बाकी सोनं आहे.
आरशाला त्याची जपमाळ, मागच्या सीटवर
पोरीचा एक बूट. एकच.
इलियासनं तो उचलून डिकीत ठेवला,
मग परत आणून होता तिथंच ठेवला.
दुसऱ्याची वस्तू हलवायची नाही,
हे चोवीस वर्षांत त्याच्या हातात मुरलंय.

हॉटेल सनानं पुण्यातून फोनवर केलं.
अम्मी, जोडप्यांसाठीचं आहे, लाजू नकोस.
सूरला खोली उघडली तर पलंगावर
टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच,
भोवती गुलाबाच्या पाकळ्या, बदामाच्या आकारात.
आम्ही दारातच उभे,
चुकून कोणाच्या लग्नघरात शिरल्यासारखे.
मग मी पाकळ्या वेचून पिशवीत भरल्या,
टाकायच्या कशा,
आणि हंस उलगडताना म्हणाले,
तू तिकडं बघ.

हिशोब माझाच आहे, कोणी सांगितलेला नाही:
वर्षाला तीस दिवस रजा, गुणिले चोवीस.
त्यातून वजा लग्नं, मयतं, कौलांची शाकारणी,
बँक, त्याच्या बहिणीचा खटला.
उरतं कसंबसं दीड वर्ष.
म्हणजे आम्ही अजून नवे.
चहात मी दोन चमचे घालत आले, तो पीत आला.
परवा रूवीच्या खोलीत कळलं,
हा बिनसाखरेचा पितो.

रात्री पलंग एवढा थोरला
आणि हा भिंतीशी, हात अंगाशी घेऊन,
तेवढ्याच पट्टीत झोपला
जेवढी लोखंडी बंक माणसाला देते.
कूस बदलली तीही जागच्या जागी,
खाली कोणी झोपलंय असं समजून.
मी मधली जागा बघत राहिले.
तिथं एक होडी मावली असती.

पहाटे किनाऱ्यावर गेलो.
आमच्या दापोलीचा समुद्र सूर्य गिळतो,
इथला बाहेर काढतो.
होड्या बांधायच्या अंगणातून
माशाच्या तेलाचा वास आला, माझ्या बापाच्या मचव्याचा.
तू संध्याकाळी बुडवायचीस ना, तो म्हणाला,
मी सकाळी इकडून उचलायचो.
एवढं बोलून स्वतःच लाजला,
चपलेतली वाळू झाडत बसला.

दुपारनंतर डोंगर. जबल अख्दर.
निझव्याच्या साइटवर क्रेनच्या केबिनमधून
त्यानं तो किती वर्षं पाहिला, उन्हात निळा.
वर गुलाब होतात. वर स्वेटर लागतो.
खेडच्या बाजारातला स्वेटर
मी मांडीवर घेऊन बसलेली.
बिरकत अल-मौजला चौकी.
पोलीस कोवळा, मिशी नुकती फुटलेली,
आधी चाकांकडं बघितलं, मग आमच्याकडं.
फोर-व्हील नाही, चाचा. वर मना आहे.
माफी मुश्किल, इलियास म्हणाला
आणि गाडी वळवली.
काही अडचण नाही.
इथली बोली त्याला एवढीच नीट येते.

खजुरांच्या बागेत पाटाचं पाणी वाहत होतं,
दगडी, अरुंद, घोट्याएवढं.
पाय सोडले. थंडगार.
वरूनच येतं हे, तो म्हणाला,
जसं काही त्यानंच मागवलंय.
मी पिशवी काढली. पाकळ्या काळवंडलेल्या,
एकमेकींना चिकटलेल्या, वास मात्र होता.
घे, म्हटलं, तुझे गुलाब.

तो हसला. मोठ्यानं, मान मागं टाकून,
आणि मला दिसलं, डावीकडची दाढ नाही.
कधी पडली?
झाली की बारा-तेरा वर्षं.
मला नाही सांगितलंस.
फोनवर कुठं दिसते दाढ?

ऊन छत्तीसचं असेल.
तरी स्वेटर मी दोघांच्या गुडघ्यांवर पसरला.
त्यानं काढला नाही.
थोडा सरकला फक्त,
माझ्या बाजूला.